संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरचे शिक्षण : हडपसरच्या एका लशीच्या आकड्यांवरून

१

आरोग्यविज्ञानाच्या क्षेत्रात संख्याशास्त्राचे स्थान आता कोणासही अमान्य नाही. पदव्युत्तर वैद्यकीय अभ्यासक्रमात प्रबंध अनिवार्य आहे, आणि प्रबंध म्हटला की तक्ते, कसोट्या आणि पी-मूल्ये ही ओघानेच आली. एके काळी ही गणिते करून देणारा संख्याशास्त्रज्ञ वेगळा असे व त्याच्याकडे हात-यंत्र असे. आता त्या यंत्राची जागा संगणकावरील सॉफ्टवेअरने घेतली असून संख्याशास्त्रज्ञाची जागाही पुष्कळ ठिकाणी त्यानेच घेतली आहे. परिणामी ‘संशोधनपद्धती शिकणे’ याचा व्यवहारातील अर्थ ‘एखादे सॉफ्टवेअर चालविण्यास शिकणे’ असा होऊन बसला आहे. हा अर्थ कितपत ग्राह्य आहे, आणि असे शिक्षण घेतलेल्या संशोधकाच्या हाती नेमके काय पडते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अशा विचाराला उदाहरण दूरचे शोधावे लागत नाही. पुण्याच्या पूर्वेस, सोलापूर रस्त्यावरील हडपसर येथे १९६६ साली सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. तेथे तयार होणाऱ्या लशींपैकी ‘रोटासील’ ही लस रोटाव्हायरसमुळे लहान मुलांना होणाऱ्या तीव्र अतिसारावरची आहे. ती तोंडावाटे पाजावयाची असून सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत तिच्या तीन मात्रा द्यावयाच्या असतात. तिची परिणामकारकता पाहण्यासाठी झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. एक चाचणी भारतात ७५०० अर्भकांवर झाली, तर दुसरी पश्चिम आफ्रिकेतील नायजर ह्या देशात. दोन्हींत काही अर्भकांना लस व इतरांना प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण लस नसलेली मात्रा, देण्यात आली होती. आणि कोणाला काय मिळावे हे यदृच्छेने ठरविले होते. तीव्र अतिसाराविरुद्ध लशीची परिणामकारकता भारतात प्राथमिक विश्लेषणात ३६ टक्के आणि नायजरमध्ये ६६.७ टक्के आढळली.

लस एकच, मात्रा तितक्याच, तीव्रता मोजण्याची पट्टीही एकच. तरी एका आकड्यापेक्षा दुसरा जवळजवळ दुप्पट. येथे विद्यार्थ्यासमोर जो प्रश्न उभा राहतो तो कोणत्याही सॉफ्टवेअरच्या कोणत्याही यादीत सापडणारा नव्हे. यांतील खरा आकडा कोणता? आणि हडपसरमधील एखाद्या बालरोगतज्ज्ञास मातेने विचारले, की ही लस माझ्या बाळाला कितपत राखील, तर त्याने कोणता आकडा सांगावा? संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरच्या शिक्षणाची कसोटी अशाच प्रश्नांवर लावली पाहिजे.

२

प्रथम नायजरचा आकडा घेऊ. प्रसिद्ध निबंधानुसार नियमाप्रमाणे सर्व मात्रा मिळालेल्या ३५०८ अर्भकांत लस मिळालेल्या गटात तीव्र अतिसाराचे ३१ रुग्ण व प्लासिबो गटात ८७ रुग्ण आढळले. ३१ ला ८७ ने भागल्यास ०.३५६ येतात, ते १ मधून वजा केल्यास परिणामकारकता ६४.४ टक्के ठरते. परंतु निबंधात तर ६६.७ टक्के छापलेले आहेत. नवशिक्या विद्यार्थ्यास येथे आपलेच चुकले असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः त्याचे चुकलेले नाही. त्याने छेद विचारात घेतलेला नाही इतकेच. दोन्ही गटांतील बालके निरीक्षणाखाली सारखा काळ नव्हती. म्हणून निबंधात रुग्णांची संख्या दर शंभर बालक-वर्षांमागे दिली आहे : लस गटात २.१४ व प्लासिबो गटात ६.४४. ह्या दरांवरून उलट गणित केल्यास लस गटाचा निरीक्षणकाळ सुमारे १४४९ बालक-वर्षे व प्लासिबो गटाचा सुमारे १३५१ बालक-वर्षे निघतो. आता २.१४ ला ६.४४ ने भागून १ मधून वजा केले की ६६.८ टक्के येतात. छापील आकड्याशी उरलेली एक दशांश टक्क्याची तफावत दर दोन दशांश स्थळांपर्यंतच दिल्यामुळे पडणारी आहे.

हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो. परंतु ह्या पाच मिनिटांत विद्यार्थ्यास जे कळते ते पडद्यावरील तयार उत्तरातून कळत नाही. परिणामकारकता म्हणजे दोन दरांचे गुणोत्तर होय. दर म्हणजे अंश आणि छेद. आणि छेद बदलला की उत्तर बदलते, ही तीन सत्ये त्याच्या हाताखालून जातात. शिवाय आणखी एक गोष्ट उघड होते. ६.४४ मधून २.१४ वजा केल्यास ४.३० उरतात, म्हणजे शंभर बालक-वर्षांमागे तीव्र अतिसाराचे चारांहून थोडे अधिक प्रसंग टळले, किंवा सुमारे तेवीस बालक-वर्षांमागे एक प्रसंग टळला. गुणोत्तर आणि वजाबाकी ही दोन भिन्न उत्तरे आहेत. पहिले उत्तर लशीच्या गुणाविषयी सांगते, तर दुसरे त्या देशात लशीचा उपयोग किती होईल ह्याविषयी. जेथे रोग फार आहे तेथे मध्यम परिणामकारकतेची लसही पुष्कळ मुलांना वाचवू शकते. सॉफ्टवेअर दोन्ही उत्तरे देण्यास तयार असते. मात्र कोणते मागावे हे ते सांगत नाही.

आता दोन्ही देशांची तुलना करू. भारतातील ३६ टक्क्यांचे विश्वास-अंतराल ११.७ ते ५३.६ आणि नायजरच्या ६६.७ टक्क्यांचे ४९.९ ते ७७.९ असे दिले आहे. विश्वास-अंतराल म्हणजे, नमुन्याच्या मर्यादा लक्षात घेता खरे मूल्य ज्या टप्प्यात असणे उपलब्ध आधारसामग्रीशी सुसंगत आहे तो टप्पा, असे स्थूलमानाने म्हणता येईल. ही दोन अंतराले ४९.९ ते ५३.६ ह्या अरुंद पट्ट्यात एकमेकांवर येतात. ‘अंतराले एकमेकांवर येतात, सबब फरक सार्थ नाही’ असा एक नियम विद्यार्थ्यांत सर्रास प्रचलित आहे. तो येथे चुकीचा ठरतो. १ मधून परिणामकारकता वजा केली की गुणोत्तरे ०.६४ व ०.३३३ मिळतात. त्यांच्या नैसर्गिक लघुगणकांतील अंतर सुमारे ०.६५ आहे. अंतरालांच्या रुंदीवरून त्या लघुगणकांच्या प्रमाण त्रुटी सुमारे ०.१६ व ०.२१ निघतात, त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढल्यास सुमारे ०.२७ येते. म्हणजे फरक आपल्या त्रुटीच्या जवळजवळ अडीचपट आहे. लशीचा परिणाम दोन्हीकडे सारखाच असता, तर केवळ यदृच्छेने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची संभाव्यता शंभरांत दीडच्या आसपास भरते. अर्थात फरक नुसत्या योगायोगाचा मानणे कठीण आहे.

येथवर गणिताने साथ दिली. ह्यापुढे मात्र गणित थांबते. हा फरक का पडला? तोंडावाटे द्यावयाच्या लशींचा परिणाम दरिद्री देशांत कमी दिसतो हे पूर्वीपासून ज्ञात आहे. त्यामागे आईकडून आलेली प्रतिद्रव्ये, आतड्यातील इतर संसर्ग, कुपोषण, सोबत पाजलेले पोलिओचे थेंब, त्या त्या प्रदेशात फिरणारे विषाणूचे प्रकार अशी अनेक कारणे सुचविली गेली आहेत. परंतु भारत व नायजर हे दोन्ही देश ह्याच वर्गात मोडतात. म्हणून ही कारणेदेखील जशीच्या तशी लावून चालत नाहीत. भारतीय चाचणीच्या पूर्ण कालावधीअखेरचा आकडा ३९.५ टक्के आहे, आणि अतितीव्र अतिसारापुरता प्राथमिक विश्लेषणातील आकडा ६०.५ टक्के आहे. पण त्याचे अंतराल १७.७ ते ८१ इतके विस्तृत आहे, कारण अतितीव्र रुग्ण थोडेच असतात. यांपैकी एकच आकडा उचलून मातेला सांगणारा डॉक्टर खोटे बोलत नसला तरी पुरते सत्यही सांगत नाही. तिला सांगण्याजोगे सत्य असे आहे, की ही लस अतिसार पूर्णपणे रोखीत नाही. तीव्र आजाराचे प्रमाण ती निश्चितपणे घटविते. आणि किती घटविते हे मूल कोठे वाढते ह्यावरही अवलंबून असते.

३

ह्या आकड्यांच्या मुळाशी आणखी खोल गेले असता सॉफ्टवेअरच्या शिक्षणातील सर्वांत मोठी उणीव दृष्टीस पडते. ‘तीव्र अतिसार’ कोणता, हे ठरविण्यासाठी ह्या चाचण्यांत वेसिकारी गुणांक वापरला आहे. अतिसाराचे दिवस, एका दिवसातील जुलाबांची कमाल संख्या, उलट्यांचे दिवस व संख्या, ताप, शरीरातील पाण्याची घट आणि उपचार अशा सात बाबींना गुण देऊन त्यांची वीसपैकी बेरीज करावयाची, आणि ती ११ अथवा अधिक झाली तर अतिसार तीव्र समजावयाचा, अशी ही पद्धती आहे. तीत दिवसाला चार-पाच जुलाबांना दोन गुण आणि सहा अथवा अधिक जुलाबांना तीन गुण मिळतात.

आता हडपसरच्या एखाद्या वस्तीतील माता आपल्या बोलीत काय सांगेल ह्याची कल्पना करावी. ‘दिवसातून पाच-सहा वेळा पातळ झाली’, असे ती सांगेल. मराठीतील ‘पाच-सहा’ हा मोजणीचा शब्द नव्हे. तो अंदाजाचा शब्द आहे. परंतु अर्जात चौकट एकच असते, आणि तीत एकच अंक लिहावा लागतो. आरोग्यसेविकेने पाच लिहिले तर दोन गुण, सहा लिहिले तर तीन. इतर बाबींची बेरीज आठ असेल, तर ह्या एका शब्दाच्या अर्थावर ते मूल दहावर थांबते किंवा अकरावर पोचते. म्हणजे तीव्र रुग्णांच्या अंशात त्याची गणना होत नाही किंवा होते. संगणकापर्यंत मातेचा शब्द पोचत नाही. पोचतो तो फक्त अंक, आणि त्या अंकावर कसल्याही शंकेची खूण नसते. चांगल्या चाचण्यांत ह्यासाठी अतिसाराच्या दिवसांतच दैनंदिन नोंदपत्रे भरून घेतात, सेविकांना एकसारखे शिकवितात, आणि नोंद करणारास मुलाला लस मिळाली की प्लासिबो हे कळू देत नाहीत. हीच संख्याशास्त्राची खरी कामे होत. पण सॉफ्टवेअर शिकविणाऱ्या बहुतेक वर्गांत आधारसामग्री तयार फाइलच्या रूपाने समोर येते, आणि ती कोठून व कशी आली ह्याची चर्चा होत नाही.

‘व्याख्या आधी, आकडा नंतर’ हा धडा पुण्यास नवा नाही. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचे मापन करताना माणशी २२५० उष्मांकांच्या आहाराचा निकष घेतला होता. पां. वा. सुखात्मे यांनी अशा निकषावर आक्षेप घेतला. सुखात्मे हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत अनेक वर्षे संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. निरोगी माणसाची गरजही दिवसागणिक व व्यक्तिगणिक बदलते. म्हणून सरासरी गरजेखाली खाणारा प्रत्येक जण उपाशी मानणे चूक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. उलट, गरिबाचे शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते असे म्हणण्यात त्याची उपासमारच दृष्टिआड होते, असा प्रतिपक्ष होता. ह्या वादात दोन्ही बाजूंना हिशेब येत होता, आणि आधारसामग्रीही बव्हंशी समानच होती. वाद होता तो रेषा कोठे ओढावी ह्याबद्दलचा. आजच्या कोणत्याही सॉफ्टवेअरला तो वाद सोडविता आला नसता. फार तर दोन्ही उत्तरे अधिक वेगाने छापता आली असती.

४

आता खुद्द सॉफ्टवेअरांकडे वळू. आरोग्यविज्ञानात वापरात असलेल्या प्रमुख प्रणालींपैकी एस.पी.एस.एस. ही १९६८ साली समाजशास्त्रांसाठी म्हणून निर्माण झाली. रोगसाथींच्या तपासासाठी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तयार केलेली एपि इन्फो ही १९८५ पासूनची असून विनामूल्य आहे. स्टाटाही त्याच वर्षातली. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी रचलेली आर ही भाषा विनामूल्य व सर्वांस खुली असून तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००० साली निघाली. ह्यांशिवाय एक्सेल आहेच; प्रत्यक्षात बहुतेक प्रबंधांची आधारसामग्री प्रथम एक्सेलमध्येच भरली जाते.

यांतील एस.पी.एस.एस.सारख्या प्रणालीचा गुण म्हणजे तिची सुलभता. यादी उघडावी, चल निवडावेत, खूण करावी, की तक्ता तयार. ज्याला रुग्णालयातील कामातून आठवड्याला दोन तास मिळतात अशा निवासी डॉक्टरला ही सुलभता लहानसहान सोय नव्हे. परंतु ह्याच गुणाच्या पोटात दोष आहे. खुणा करून मिळविलेल्या उत्तराच्या मागे खुणांचा माग राहत नाही. कोणते रुग्ण वगळले, कोणत्या चलाचे गट पुन्हा पाडले, तीन कसोट्यांपैकी कोणती ठेवली व कोणत्या टाकल्या, हे सहा महिन्यांनी खुद्द संशोधकासही आठवत नाही. आज्ञा लिहून ठेवण्याची सोय ह्या प्रणालीतही आहे. ती शिकविली मात्र क्वचितच जाते. आर अथवा स्टाटा यांमध्ये आज्ञा लिहूनच काम करण्याचा प्रघात असल्यामुळे प्रत्येक निर्णयाची लेखी नोंद आपोआप होते. हा त्यांचा मोठाच गुण होय. त्यांची शिकण्याची चढण मात्र अवघड आहे, आणि आरंभीच निराश होऊन सोडून देणारांची संख्याही थोडी नसते.

प्रणाली कोणतीही असो, तिचे एक लक्षण समान आहे : तिला अर्थ कळत नाही. रक्तगटांना १, २, ३, ४ असे संकेतांक देऊन सरासरी मागितली तर ती २.३ असा रक्तगट निमूटपणे सांगेल. वय माहीत नाही म्हणून ९९९ लिहिले असेल तर तिच्या लेखी तो नऊशे नव्याण्णव वर्षांचा रुग्ण होय. एकाच रुग्णाची उपचारापूर्वीची व नंतरची नोंद दोन वेगळ्या माणसांची म्हणून भरली तर ती कसोटी लावून मोकळी होईल. ह्या चुका हास्यास्पद वाटतात, पण त्या केवळ विद्यार्थ्यांच्याच नसतात. फुप्फुसांच्या दीर्घकालीन रोधक विकाराच्या २४० रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या एका चाचणीचा निबंध २०१८ साली एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रुग्णांना स्वतःची काळजी घेण्यास शिकविल्याने तातडीच्या उपचारांचे प्रसंग घटतात, असा त्याचा निष्कर्ष होता : सहा महिन्यांत सरासरी ०.७२, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात १.४०. पुढे असे आढळले, की विश्लेषणाच्या फाइलमध्ये दोन्ही गटांचे संकेतांक उलट झाले होते. खरे आकडे नेमके विपरीत होते. शिकविलेल्या गटातच प्रसंग अधिक होते. संशोधकांनी स्वतः होऊन चूक कळविली, आणि २०१९ मध्ये निबंध मागे घेऊन दुरुस्त स्वरूपात पुन्हा छापण्यात आला. ह्या प्रकरणात कसोटी योग्य होती व गणितही अचूक होते. फक्त एका संकेतांकाचा अर्थ उलटला होता, आणि त्यामुळे अपायकारक ठरू शकणारी गोष्ट उपकारक म्हणून जगापुढे आली होती.

त्याचप्रमाणे ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या मोजणीतून कोविडचे १५,८४१ रुग्ण काही दिवस गळाले. कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ठराविक ओळींहून अधिक ओळी मावत नाहीत. गळालेल्या प्रत्येक रुग्णामागे त्याच्या संपर्कातील माणसांना वेळेवर सावध करण्याची संधी गेली. फाइलने मात्र कोणतीही तक्रार केली नव्हती.

आकड्यांच्या बेरजेचा आणखी एक धडा हडपसरशीच निगडित आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठ व ॲस्ट्राझेनेका यांची जी लस सीरम संस्थेने ‘कोव्हिशील्ड’ ह्या नावाने तयार केली, तिच्या परदेशांतील चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दोन पूर्ण मात्रा घेतलेल्यांत परिणामकारकता ६२.१ टक्के, पहिली मात्रा अर्धी घेतलेल्यांत ९०.० टक्के, आणि दोन्ही मिळून ७०.४ टक्के. शेवटचा आकडा सर्वांच्या तोंडी झाला. पण तो कोणत्याही एका मात्राक्रमाचा नव्हता. ज्यांना अर्धी मात्रा मिळाली त्यांत ५५ वर्षांवरील कोणी नव्हते, हेही ध्यानात घ्यावयास हवे होते. एकत्रीकरणाची आज्ञा दिली की सॉफ्टवेअर एकत्रीकरण करते. एकत्र करावयाच्या वस्तू एकजातीय आहेत काय, हे आज्ञा देणाऱ्याने पाहावयाचे असते.

५

ह्या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की डॉक्टराने डॉक्टर असावे. संख्याशास्त्रज्ञ होण्याची त्यास आवश्यकता नाही. मोटार चालविणाऱ्याने इंजिन बांधावयास शिकावे असे कोणी म्हणत नाही. ह्या आक्षेपात तथ्य आहे. प्रगत प्रतिमानांची सिद्धता प्रत्येक संशोधकास यावी अशी अपेक्षा करणे अव्यवहार्य होय. आणि पुण्यासारख्या शहरात, जेथे १९५३ पासून विद्यापीठात संख्याशास्त्राचे उच्च शिक्षण दिले जाते, तेथे तज्ज्ञाचे साहाय्य दुर्लभही नाही. परंतु वर दाखविलेल्या चुकांपैकी एकही प्रगत गणिताची चूक नव्हती. छेद कोणता, संकेतांकाचा अर्थ काय, कोणास कोणात मिळविले, मातेचा शब्द चौकटीत कसा बसविला, हे सारे प्रश्न आरोग्यविज्ञानाचेच आहेत. त्यांची उत्तरे डॉक्टरखेरीज दुसरा कोणी देऊ शकत नाही. संख्याशास्त्रज्ञाकडे फाइल पोचते तेव्हा हे निर्णय बहुधा होऊन गेलेले असतात.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने साध्या भाषेत सांगितले असता आज्ञा लिहून देतात. मग आज्ञांची भाषा शिकण्यात वर्षे का घालवावीत? ह्या साधनांमुळे आरसारख्या भाषेची चढण सौम्य झाली आहे, आणि तो लाभ नाकारण्याचे कारण नाही. तथापि लिहिण्याचे श्रम वाचल्याने वाचण्याची जबाबदारी वाढते. दुसऱ्याने लिहिलेली आज्ञा काय करते हे ओळीओळीने सांगता येत नसेल, तर यादीवर खूण करणारा आणि अशी आज्ञा चालविणारा ह्यांत भेद उरत नाही. शिवाय असे साधन विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते; प्रश्नच चुकीचा असल्यास उत्तर सफाईदार असते इतकेच.

जुन्या हात-यंत्रांच्या पिढीविषयी अवाजवी हळहळ बाळगण्याचेही कारण नाही. त्या पिढीकडूनही चुका होत, आणि हजारो बालकांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवर आज जी प्रतिमाने सहज बसविता येतात ती त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. त्या पिढीची एकच गोष्ट घेण्याजोगी आहे. प्रत्येक अंक हाताखालून जात असल्यामुळे विसंगत अंक हाताला लागत असे. ती जाण संगणकाच्या काळात आपोआप येत नाही. ती शिकवावी लागते.

६

यास्तव शिक्षणाचा क्रम उलटा करणे अगत्याचे आहे. सध्या आरंभ सॉफ्टवेअरपासून होतो, मग कसोट्यांची नावे येतात, आणि प्रश्न सर्वांत शेवटी, बहुधा प्रबंधाच्या प्रस्तावनेपुरता येतो. त्याऐवजी विद्यार्थ्याने प्रथम आपला प्रश्न एका मराठी वाक्यात लिहावा. त्यात कोणाची, कशाशी, कोणत्या परिणामाबाबत व किती काळ तुलना करावयाची हे स्पष्ट असावे. जे एका वाक्यात मांडता येत नाही ते कोणत्याही कसोटीने सुटत नाही. नंतर त्याने आधारसामग्री गोळा होण्यापूर्वीच संकेतसूची तयार करावी : प्रत्येक चलाचे नाव, त्याचे एकक, प्रत्येक संकेतांकाचा अर्थ, आणि माहिती नसल्यास काय लिहावयाचे ते. पुढे आधारसामग्री आल्यावर सॉफ्टवेअर उघडण्याआधी मुख्य तुलनेचा चार घरांचा तक्ता कागदावर मांडून गुणोत्तर व वजाबाकी दोन्ही हाताने काढावीत. सॉफ्टवेअरचे उत्तर ह्या अंदाजाशी जुळले नाही, तर जुळेपर्यंत पुढे जाऊ नये. नायजरच्या उदाहरणात ६४.४ व ६६.७ यांतील तफावतीने छेदाचा प्रश्न उघड केला तो असाच. त्यानंतर विश्लेषण करावे ते लेखी आज्ञांनीच, मग प्रणाली कोणतीही असो. आणि सर्वांत शेवटी ती आज्ञावली व मूळ फाइल एका सहाध्यायाच्या स्वाधीन करावी. त्याने मुखाने काहीही न विचारता तेच उत्तर काढून दाखविले तरच काम पुरे झाले असे समजावे.

ह्या क्रमाला वेळ लागतो, हे खरे. पण तो वेळ प्रबंधातील एक-दोन निरुपयोगी कसोट्या गाळून सहज भरून निघेल. परीक्षकांच्या प्रश्नांची दिशाही त्याबरोबर बदलली पाहिजे. ‘कोणते सॉफ्टवेअर वापरले व त्याची आवृत्ती कोणती?’ हा प्रश्न मौखिक परीक्षेत हमखास विचारला जातो, आणि त्याचे उत्तर प्रत्येकास येते. ‘तुमच्या तक्त्यातील हा एक अंक कोणत्या रुग्णाकडून, कोणत्या प्रश्नाला, कोणत्या शब्दांत मिळाला?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पहिल्या प्रश्नाने सॉफ्टवेअरची परीक्षा होते, दुसऱ्याने संशोधकाची.

हडपसरहून निघणाऱ्या लशी देशोदेशींच्या मुलांना दिल्या जातात, आणि त्या द्याव्यात की नाही हे अशाच आकड्यांच्या आधारे ठरते. ते आकडे ज्यांच्या हातून जातात त्यांत उद्या आजचे विद्यार्थी असणार आहेत. त्यांस अधिक सॉफ्टवेअर येण्यापेक्षा, जे येते त्यातील प्रत्येक पायरीचा जाब देता येणे अधिक महत्त्वाचे आहे. शिक्षणक्रम आखणारांनी ह्या गोष्टीस अग्रस्थान द्यावे, एवढेच येथील विवेचनाचे तात्पर्य होय.